न दुखणारे दुखणे : पुरुषांच्या आरोग्याची सोपी मापे

द्वारका म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभी राहते ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी. येथे जिचा विचार करावयाचा आहे ती द्वारका निराळी. दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशावर, दिल्ली विकास प्राधिकरणाने ही उपनगरी वसविली. तिचे विभाग सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखले जातात आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती तेथे जागोजागी उभ्या आहेत. २००५ च्या अखेरीस मेट्रो येथवर पोचली व नोकरीसाठी रोज शहराच्या मध्यभागी जाऊन येणे रहिवाशांस सुलभ झाले.

अशा उपनगरीतील चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या नोकरदार गृहस्थाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी तो लिफ्टने खाली उतरतो, रिक्षाने स्थानक गाठतो, सरकत्या जिन्याने फलाटावर चढतो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि त्याच साधनांनी घरी परततो. आपल्या वाहनाची तपासणी तो वेळेवर करवून घेतो. इमारतीची पाण्याची टाकी धुतली की नाही याचीही चौकशी करतो. मात्र स्वतःच्या प्रकृतीविषयी कोणी विचारलेच, तर त्याचे उत्तर ठरलेले असते : "मला काय धाड भरली आहे?"

या उत्तरात एक चूक दडलेली आहे आणि ती पुष्कळ घरांना महाग पडते. काही दुखत नाही, त्या अर्थी काही बिघडलेले नाही, असे हा गृहस्थ धरून चालतो. परंतु शरीरातील काही बिघाड वर्षानुवर्षे मुळीच दुखत नाहीत. ते मोजले तरच कळतात. सुदैवाने ही मोजमापे सोपी व अल्पखर्चाची आहेत.

पंप आणि नळ

बहुमजली इमारतीत पाणी वर चढविण्यासाठी पंप लागतो. त्याचा दाब बेताचा असेल तर नळ दीर्घकाळ टिकतात. तो सतत अधिक राहिला तर सांधे सैल होतात व एखादे दिवशी नळ फुटतो. आपले हृदय हा असाच एक पंप असून रोहिण्या हे त्याचे नळ होत. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा रक्ताचा दाब हा वरचा आकडा, व ते शिथिल होते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. हा दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला तर रोहिण्यांचे आतील अस्तर दुखावते, त्यांत मेदाचे थर साचू लागतात, हृदयाचा स्नायू जाड होतो व मूत्रपिंडे क्षीण होत जातात. मेंदूतील एखादी वाहिनी फुटली किंवा चोंदली म्हणजे पक्षाघात होतो. हे सर्व घडत असता मनुष्य जेवतो, हसतो, कामावर जातो. त्याला काहीही जाणवत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आढळला, अथवा ते त्यासाठी औषध घेत होते. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे २१ टक्के होते. म्हणजे मेट्रोच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या चार पुरुषांपैकी एकाला हा विकार असावा, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. तो आपणच नाही हे मोजल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती १८९६ मध्ये रिव्हा-रॉची या इटालियन वैद्याने सुचविली. १९०५ मध्ये कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यवैद्याने त्या पट्ट्याखालील रोहिणीचे ध्वनी ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची रीत दाखविली. आता विजेरीवर चालणारे यंत्र घरीही ठेवता येते. मोजताना मात्र काही पथ्ये पाळावीत. आधी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी. लघवी करून यावे. पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा व मध्येच बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. निरनिराळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व रक्तशर्करा तपासणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे व सरकारी आरोग्यकेंद्रांतून ही तपासणी होते. द्वारकेतच नवव्या सेक्टरात दिल्ली सरकारचे इंदिरा गांधी रुग्णालय आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. औषधाने आकडा खाली आला म्हणजे विकार गेला असे नव्हे. औषध चालू आहे म्हणूनच तो खाली आहे. बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे ही पुरुषवर्गात वारंवार दिसणारी दुसरी चूक होय.

लंडनची बस आणि द्वारकेचा जिना

दाब व मेद आटोक्यात ठेवण्याचा एक उपाय अक्षरशः पायाखाली आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या परिवहन सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटांसाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. सामाजिक स्थिती व शहर साधारणपणे सारखेच असूनही वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. टपाल खात्यातही फिरते पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित निघाले.

यावर एक शंका रास्त होती. मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील तर? मॉरिस यांनी १९५६ मध्ये या कामगारांच्या गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली. चालकांचा कमरेचा घेर खरोखरच अधिक होता. तरीही सडपातळांत, मध्यम बांध्याच्यांत व स्थूलांत निरनिराळी तुलना केली असता वाहकांचीच बाजू सरस ठरली. कंबर महत्त्वाची आहे, पण हालचालीचे मोल तिच्याहून स्वतंत्र आहे, असा याचा अर्थ.

द्वारकेच्या रहिवाशास हा दुमजली बसचा जिना आयताच मिळालेला आहे. तेथील बहुतेक मेट्रो स्थानके जमिनीपासून उंचावर आहेत. सरकता जिना सोडून पायऱ्यांनी चढावे, घरी लिफ्टमधून दोन मजले आधी उतरावे, स्थानकापर्यंत पायी जावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे भरभर चालले तर पाच दिवसांत ही बेरीज पुरी होते. चढताना छातीत दडपण वा अतिशय धाप जाणवल्यास मात्र थांबावे व तपासून घ्यावे.

दिल्लीच्या हवेचा विचार येथे टाळता येत नाही. कार्तिक ते पौष या काळात पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहते व धूर तिच्यात कोंडतो. अशा दिवसांत उजाडण्यापूर्वी फिरावयास जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जावे. हवेचा निर्देशांक ३०० च्या पुढे असेल तर घरातच व्यायाम करावा.

कंबर मोजण्यास शिंप्याची फीत पुरे. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर माप घ्यावे. भारतीय पुरुषात ते ९० सेंटिमीटरपर्यंतच असावे. त्याहून अधिक घेर मधुमेहाची व हृदयविकाराची शक्यता वाढवितो, यास्तव अशा व्यक्तीने रक्तशर्कराही तपासून घ्यावी.

मीठ आणि तंबाखू

दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे. ते भाजीत जेवढे दिसते त्याहून अधिक लोणचे, पापड, शेव व चार वाजताच्या चहाबरोबरच्या नमकीनमध्ये लपलेले असते.

तंबाखूविषयी पुरावा निःसंदिग्ध आहे. उपरोक्त पाहणीत सुमारे ३८ टक्के पुरुष तिचे सेवन करताना आढळले. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेण्यात आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. पण साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ व तिसाव्या वर्षी जवळजवळ सर्व वर्षे परत मिळविली. उशीर झाला, असे म्हणण्यास कोणत्याही वयात जागा नाही. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. मनावरील ताणाविषयी बोलावयाचे झाल्यास १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. पुरुषाने रडगाणे गाऊ नये या शिकवणीमुळे अनेकांचे दुःख असह्य होईपर्यंत घरातही कोणास कळत नाही.

अखेरची सूचना जिवाशी संबंधित आहे. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसली की "गॅस झाला असेल" म्हणून घरी पडून राहू नये. तत्काळ ११२ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. अशा प्रसंगी गेलेले प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूचा काही अंश घेऊन जाते.

वाढदिवस वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी रक्तदाब, रक्तशर्करा व कमरेचा घेर हे तीन आकडे एका वहीत लिहून ठेवावेत, आणि ती वही घरच्यांच्या हाती पडेल अशा जागी ठेवावी. वर्षाचे औषधपाणी करण्यापेक्षा हे काम लहान आहे. त्याला अर्धा तास पुरतो.