वहिनींचे यंत्र विकावयाचे आहे

आमच्या वरच्या मजल्यावरील वहिनींनी नऊ वर्षांपूर्वी भरतकाम करणारे संगणकीय शिवणयंत्र घेतले, तेव्हा त्यांनी घरोघर पेढे वाटले होते. गेल्या जूनमध्ये मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याची वेळ आली आणि ते यंत्र विकावयाचे ठरले. निम्मी किंमत तरी येईल, असा त्यांचा हिशेब. दुकानदाराने यंत्राला हातही न लावता चौथाईहून कमी आकडा सांगितला.

"भाऊजी, अहो, एक ओरखडा नाही हो त्याच्यावर!" वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

ओरखडा नव्हता हे खरे; पण या यंत्रांच्या बाबतीत ओरखड्याला विचारतो कोण? आमच्या आजीचे काळे सिंगर अजून माळ्यावर आहे. सोन्याची वेलबुट्टी पुसून गेली, पण तेल घातले की चालते. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतले, त्या वंशातलेच ते. (यंत्रांविषयी कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राला आपल्या नियमातून सूट दिली होती!) त्यात बिघडेल ते डोळ्यांना दिसते, आणि कोपऱ्यावरचा कारागीर ते घासूनपुसून नीट करतो.

संगणकीय यंत्राची गोष्ट निराळी. १९७५ मध्ये सिंगरने इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आणले, १९७९ मध्ये जानोमेचे 'मेमरी ७' आले, आणि टाक्यांचे नमुने लोखंडी चकत्यांवरून उठून विजेच्या स्मरणशक्तीत जाऊन बसले. सुई किती डावीकडे न्यायची, कापड किती पुढे सरकवायचे, हे लहानलहान मोटारींना सांगणारी एक पाटी आत असते. ती पाटी म्हणजेच यंत्राचा प्राण. पावसाळ्याची ओल किंवा विजेचा चढउतार तिला बाधला, आणि कंपनीने ती बनवणे बंद केलेले असले, की उरलेले यंत्र कितीही देखणे असो, सुटे भाग म्हणूनच विकायचे. दुकानदाराने कापली होती ती या भीतीची किंमत.

मग आम्ही भीतीच कमी करायचे ठरवले. वहिनींच्या यंत्राच्या पडद्यावर आजवर घातलेल्या टाक्यांची एकूण संख्या दिसते; मोटारगाडीचे किलोमीटर दिसतात तशी. ती थोडीच निघाली, कारण पहिल्या दोन वर्षांनंतर यंत्र झाकूनच होते. (हा नुसताच गुण नव्हे, पडून राहिलेल्या यंत्रातले वंगण घट्ट होते. म्हणून आधी साफसफाई करून घेतली व पावती ठेवली.) दुहेरी मांजरपाटावर सगळे टाके, काजे, दोन फुले शिवून ती पट्टीच नमुना म्हणून जपली. पायपट्टी, माहितीपुस्तक, भरतकामाच्या चौकटी गोळा केल्या. मोठी चौकट सापडेना.

न्यू जर्सीहून आत्याने आणलेले यंत्र विकायला काढणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. ते १२० व्होल्टचे असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावताच जळते. सोबत ट्रान्सफॉर्मर हवा. वहिनींचे इथलेच होते.

गिऱ्हाईक मिळाले ते घरी बसून बाळंतविडे शिवणारी एक मुलगी. तिने पडद्याचे चारी कोपरे दाबून पाहिले, बॉबिन भरून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "मराठी नावे निघतील का?" मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या माझा जीव खाली-वर झाला! यंत्रातली अक्षरे इंग्रजीच होती. पण बाहेर तयार केलेला नमुना पेनड्राइव्हवरून घेण्याची सोय त्यात होती. जुन्या यंत्रांना फ्लॉपी किंवा विशिष्ट कार्ड लागे. ती आता मिळवायची कोठून? तिने सोबत आणलेला पेनड्राइव्ह लावला, 'सई' ही दोन अक्षरे रुमालावर उमटली, आणि सौदा झाला. दुकानदाराच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी निम्मी किंमत नाहीच.

उरलेल्या रकमेसाठी वहिनींनी एक बांगडी मोडली. सोनाराने ती निदान तराजूत तरी घातली.

दसऱ्याच्या सुमारास मोठी चौकट कपाटामागे सापडली. ती द्यायला आम्ही गेलो, तेव्हा यंत्र चालू होते. पिवळ्या दुपट्यावर कुणाचे तरी नाव अर्धे झाले होते. वहिनी ते पुरे होईपर्यंत उभ्याच राहिल्या.