रवंथी प्राण्यांच्या रोगप्रतिकार संस्थेचे अवयव

गाय, म्हैस, शेळी, मेंढी इत्यादी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात लसीका पेशींची (रोगजंतू ओळखून त्यांचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) निर्मिती, परिपक्वता आणि कार्य ज्या ठिकाणी घडते, त्या अवयवांना रोगप्रतिकार संस्थेचे अवयव म्हणतात. अस्थिमज्जा, यौवनलोपी ग्रंथी, प्लीहा, लसीका ग्रंथी, रक्तलसीका ग्रंथी आणि आतड्यातील पेयर चकत्या हे त्यांपैकी प्रमुख अवयव होत. हे सर्व अवयव जन्मापूर्वीच आकार घेतात. तथापि मातेची प्रतिपिंडे (रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने) गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे नवजात वासराचे पहिल्या काही आठवड्यांतील संरक्षण मुख्यतः चिकावर अवलंबून असते.

प्राथमिक अवयव

ज्या अवयवांत लसीका पेशी तयार होतात व परिपक्व होतात, त्यांना प्राथमिक अवयव म्हणतात. अस्थिमज्जेत सर्व रक्तपेशींचा उगम होतो. यौवनलोपी ग्रंथी वासरात मानेत श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस आणि छातीत हृदयाच्या पुढे पसरलेली असते. येथे टी लसीका पेशी परिपक्व होतात. स्वतःच्या शरीराविरुद्ध कार्य करू शकणाऱ्या पेशी येथेच मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या जातात. प्राणी वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसत जाते. तिचे मराठी नाव याच गुणधर्मावरून पडले आहे.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी लसीका पेशी पक्ष्यांमध्ये फॅब्रिशियस कोश नावाच्या अवयवात परिपक्व होतात. सस्तन प्राण्यांत हा कोश नसतो. मनुष्य व उंदीर यांत हे कार्य प्रामुख्याने अस्थिमज्जेत चालते. रवंथी प्राण्यांत मात्र त्याचा मोठा भाग शेषांत्रातील (लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील) पेयर चकतीत होतो. मेंढ्यांवरील संशोधनातून ही गोष्ट स्पष्ट झाली. वासरात ही सलग चकती सुमारे २ मीटरपर्यंत लांब असू शकते. तिच्यात बी पेशी अतिशय वेगाने विभाजित होतात; परंतु त्यांपैकी बहुसंख्य तेथेच मरतात आणि थोड्याच शरीरात इतरत्र जातात. प्राणी मोठा होताना ही चकती ऱ्हास पावते.

दुय्यम अवयव

परिपक्व लसीका पेशींची रोगजंतूंशी गाठ दुय्यम अवयवांत पडते. प्लीहा रक्त गाळते, तर लसीका ग्रंथी ऊतींमधून येणारा लसीका द्रव गाळतात. गायीत खांद्याच्या पुढील लसीका ग्रंथी त्वचेखाली हाताला लागते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या थायलेरिया रोगात ती ठळकपणे सुजते, म्हणून पशुवैद्य तपासणीत ती आवर्जून चाचपतात. रवंथी प्राण्यांत याशिवाय गडद तांबड्या रंगाच्या लहान रक्तलसीका ग्रंथी आढळतात. त्यांच्या पोकळ्यांत रक्त असते. लहान आतड्याच्या मधल्या भागात विखुरलेल्या पेयर चकत्या शेषांत्रातील चकतीप्रमाणे नाहीशा होत नाहीत. त्या आयुष्यभर टिकतात व दुय्यम अवयवाचे कार्य करतात.

गर्भावस्थेतील वाढ

गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. गर्भात यौवनलोपी ग्रंथी साधारण ४०व्या दिवशी ओळखता येते. अस्थिमज्जा व प्लीहा सुमारे ५५व्या, लसीका ग्रंथी ६०व्या, तर पेयर चकत्या १७५व्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. अवयव दिसू लागताच ते पूर्ण कार्यक्षम होत नाहीत. प्रतिकाराची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

या काळात जे काही गर्भाच्या सहवासात येते, ते शरीर 'आपले' मानू शकते. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले की, गर्भाशयात रक्ताभिसरण सामायिक असलेल्या जुळ्या वासरांच्या शरीरात परस्परांच्या रक्तपेशी जन्मानंतरही टिकून राहतात. या निरीक्षणाने प्रतिकार-सहिष्णुतेच्या कल्पनेला महत्त्वाचा आधार मिळाला. या विषयातील कार्याबद्दल फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट व पीटर मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच गुणधर्माची हानिकारक बाजूही आहे. गोवर्गीय विषाणुजन्य अतिसाराच्या विषाणूची बाधा गर्भाला साधारण पहिल्या चार महिन्यांत झाली, तर त्याचे शरीर विषाणूला परके मानत नाही. असे वासरू जगल्यास आयुष्यभर विषाणू बाहेर टाकत राहते आणि कळपातील इतर जनावरांना धोका निर्माण करते.

जन्म आणि चीक

मनुष्यात मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत जातात. रवंथी प्राण्यांच्या वारेची रचना वेगळी असून तिच्यातील ऊतींचे थर प्रतिपिंडांना अडवतात. त्याची भरपाई चिकाने होते. विण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत गायीच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठू लागतात. त्यामुळे गाभणकाळाच्या अखेरीस गायीला दिलेल्या लसीचा लाभ वासरालाही मिळतो.

नवजात वासराच्या आतड्याच्या पेशी ही मोठी प्रथिने न पचवता जशीच्या तशी रक्तात पोहोचवतात. ही क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि पहिल्या दिवसात एकूण वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका पाजावा, अशी शिफारस केली जाते. वासराच्या रक्तद्रवात एका लिटरमागे १० ग्रॅमपेक्षा कमी प्रतिपिंडे आढळल्यास मातेकडून मिळणारे संरक्षण अपुरे मानले जाते. अशा वासरांत हगवण, फुप्फुसदाह व मृत्यू यांचे प्रमाण अधिक असते.

भारतात काही ठिकाणी वार पडेपर्यंत वासराला चीक न पाजण्याची प्रथा आढळते. वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात आणि तेवढ्यात शोषणाचा सर्वोत्तम काळ निघून जातो. उलट वासरू आचळ ओढू लागल्यावर स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गर्भाशयाच्या आकुंचनास चालना देते. महाराष्ट्रात चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो. मात्र पहिल्या धारेच्या चिकात प्रतिपिंडे सर्वाधिक असल्याने वासराचा वाटा आधी काढणे आवश्यक ठरते.

लसीकरणाशी संबंध

चिकातून मिळालेली प्रतिपिंडे साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होतात. ती पुरेशा प्रमाणात असेपर्यंत दिलेली लस निष्प्रभ ठरू शकते. ती घटत असताना वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती हळूहळू वाढते. या मधल्या काळात रोगाचा धोका अधिक असतो. भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत रोगाची पहिली लस वासरू चार महिन्यांचे झाल्यानंतर, तर ब्रुसेला अर्थात सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना दिली जाते.