ओसरीवरचा डाव

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, थर्ड वॉर्ड नावाच्या भागात, होल्मन स्ट्रीटवर पांढरी लाकडी घरं एका ओळीत उभी आहेत. पुढे छोटी ओसरी, मग एकामागे एक खोल्या. मधे बोळ नाही. मागच्या खोलीत जायचं तर पुढच्या खोलीत झोपलेल्याला ओलांडूनच. पुढच्या दारात बंदूक झाडली तर गोळी कुठेही न अडता मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून यांना शॉटगन घरं म्हणतात, अशी लोकांमधली व्युत्पत्ती आहे. अभ्यासक मात्र या घराचा माग न्यू ऑर्लिन्स, त्याआधी हैती आणि त्याही मागे पश्चिम आफ्रिकेपर्यंत काढतात. कमी जागेत आणि कमी लाकडात उभं राहणारं हे घर दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत सर्रास दिसायचं.

होल्मन स्ट्रीटवरची ही घरं 1930 च्या दशकातली. 1990 च्या सुमारास ती ओस पडली होती. दारं-खिडक्या गेलेल्या, आत गर्दुल्ल्यांचा अड्डा. पाडून टाकण्याच्या लायकीची घरं म्हणून शहरात त्यांच्याकडे बोट दाखवलं जायचं.

त्या काळात रिक लो नावाचा तरुण चित्रकार तिथे काम करत होता. जन्म 1961 चा, अलाबामातल्या खेड्यातला. गरिबी, वर्णभेद, पोलिसी अत्याचार हे त्याचे विषय. शाळेतली काही मुलं एकदा त्याचा स्टुडिओ बघायला आली. त्यातल्या एकानं साधा सवाल केला: आमच्या वस्तीत काय चाललंय ते आम्हाला ठाऊक आहे, ते चित्रात कशाला दाखवता? कलावंत आहात, तर त्यावर काही उपाय का नाही घडवत? हा प्रसंग लो यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. दुसरा एखादा असता तर मुलाचा गाल थोपटून पुन्हा रंगात बुडाला असता. लो यांची चित्रं मात्र त्यानंतर अडलीच.

वाट दाखवायला दोन माणसं होती. एक गावातलेच, जॉन बिगर्स. 1949 मध्ये त्यांनी इथल्याच विद्यापीठात कला विभाग सुरू केला होता, आणि शॉटगन घरं त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येत. जगाला जी खोपटी दिसत होती, त्यांत बिगर्सना छपरांची लय आणि ओसरीवर उभ्या बायका दिसत. दुसरा जर्मन कलावंत योजेफ बॉइस. समाज हेच एक शिल्प आहे आणि ते घडवण्यात प्रत्येकाचा हात असतो, असं तो म्हणे. नुसतं म्हणून थांबला नाही, तर कासेल शहरात 1982 पासून सात हजार ओकची झाडं लावण्याचा घाट त्यानं घातला, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक खांब रोवून.

1993 मध्ये लो आणि त्यांचे सहा कृष्णवर्णीय कलावंत मित्र यांनी मिळून दीडेक ब्लॉकमधली 22 घरं हाती घेतली आणि 'प्रोजेक्ट रो हाउसेस' ही ना-नफा संस्था उभी राहिली. पहिलं काम कसलं, तर कचरा उपसण्याचं. स्वयंसेवक आले, संग्रहालयं, चर्च, कंपन्या यांनी एकेक घर दत्तक घेतल्यासारखं दुरुस्त केलं. काही घरं कलावंतांसाठी ठेवली. काही महिन्यांसाठी एकेकाला अख्खं घर मिळतं. भिंतीवर चित्र टांगा किंवा भिंतच चित्र करा, पण बघायला येणार शेजारपाजारचे लोक, हे लक्षात असू द्या.

खरी गंमत उरलेल्या घरांची. 1996 पासून त्यातली काही घरं एकट्यानं मूल वाढवणाऱ्या तरुण आयांना मिळू लागली. भाडं अगदी कमी, मुलांकडे बघायला आधार, आणि त्या काळात शिक्षण पुरं करायचं. हिशोब व्यवहारी होता. अशा मुलीचं शिक्षण सहसा बुद्धीअभावी नाही, तर भाड्याची तारीख आणि मुलाचा ताप एकाच आठवड्यात आल्यामुळे सुटतं. पहिल्या काही आयांपैकी असाटा रिचर्ड्स पुढे समाजशास्त्रात डॉक्टरेट करून त्याच वस्तीत कामाला परतल्या.

पण याला कला म्हणायचं का? समीक्षकांना हा प्रश्न पडला आणि काहींना अजून पडतो. 2014 मध्ये लो यांना मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा कलेच्या जगानं उत्तर देऊन टाकलं. मला हा वाद तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. त्याहून अवघड प्रश्न वस्तीनं आधीच विचारला होता: तुमच्या कलेमुळे आमचं भाडं वाढलं तर?

हे घडतंच. पडक्या भागात कलावंत येतात, कारण जागा स्वस्त. मागोमाग कॉफीची दुकानं, मग वर्तमानपत्रातला फोटो, मग बिल्डर. मालमत्ता कर वाढतो आणि तीन पिढ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला आपलंच घर परवडेनासं होतं. ह्यूस्टनमध्ये तर अमेरिकेतल्या इतर मोठ्या शहरांसारखा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं हे ठरवणारा, कायदाच नाही. थर्ड वॉर्ड शहराच्या मध्यवस्तीला खेटून. दोनेक दशकांत तिथे तीन मजली टाउनहाउसं उगवली, आणि पडीक वस्तीला पुन्हा नाव मिळवून देण्यात या संस्थेचाही हात होता, हे नाकारता येत नाही.

संस्थेनं याला दिलेलं उत्तर चित्रांत सापडणार नाही, ते सातबाऱ्यासारख्या रुक्ष कागदात आहे. जमीन धरून ठेवायची. 2003 मध्ये तिनं 'रो हाउस सीडीसी' ही भगिनी संस्था काढली. राइस विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी जुन्या घरांच्या ठेवणीवरून जोडघरं आखून दिली आणि ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्यानं गेली. टेक्सास विधिमंडळातले इथले तेव्हाचे प्रतिनिधी गार्नेट कोलमन यांनी आणखी एक शक्कल लढवली: शेजारच्या मिडटाउनमध्ये किमती वाढल्यामुळे जो जादा कर जमा होतो, त्यातला पैसा थर्ड वॉर्डात जमिनी घेण्याकडे वळवायचा, म्हणजे त्या बिल्डरच्या हाती पडायच्या आधीच अडकतील. पैसा गावातलाच, फक्त नेहमीच्या उलट दिशेनं.

वस्ती वाचली का? पाच ब्लॉकमध्ये मिळून आज संस्थेकडे 39 वास्तू आहेत. थर्ड वॉर्डाच्या मानानं हे मूठभर. बाकीच्या गल्ल्या बाजारानं आपल्या पद्धतीनं बदलल्या.

मूठभरांतली एक वास्तू मात्र सांगायलाच हवी. कोपऱ्यावरचा एल्डोराडो बॉलरूम. 1939 मध्ये तो बांधला क्लॅरेन्स आणि ॲना डुप्री या जोडप्यानं. ॲनाबाईंनी श्रीमंत गोऱ्या बायकांचे केस सजवून पैसा जोडला, आणि गोऱ्यांच्या नाचघरांत ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी झकपक नाचघर उघडलं. रे चार्ल्स, बी. बी. किंग तिथे वाजवून-गाऊन गेले. वर्णभेदाचे कायदे उठल्यावर लोकांना शहरभर जागा खुल्या झाल्या आणि एल्डोराडोचं गिऱ्हाईक आटलं. 1970 च्या दशकात तो बंद पडला. 1999 मध्ये मालकानं तो संस्थेला दान दिला. दुरुस्त होऊन पुन्हा उघडायला 2023 उजाडलं. चोवीस वर्षं! ज्यांना कलेतून झटपट पुनरुज्जीवन हवं असतं, त्यांच्या अहवालात हा आकडा क्वचितच बसेल.

लो यांनी 2018 मध्ये संस्थेची सूत्रं सोडली. इतकी वर्षं त्यांची बरीच कामं ओसरीवरच झाली, शेजारच्या माणसांशी डोमिनो खेळता खेळता. कोणाचं छप्पर गळतंय, कोणाला नोटीस आलीय, हे तिथेच कळायचं. पुढे ते संपलेल्या डावातली ठोकळ्यांची वाकडीतिकडी रांग कागदावर उतरवून घेऊ लागले, आणि त्यातून वीसेक वर्षांनी पुन्हा चित्रं सुरू झाली. ती आता गगोसियनसारख्या बड्या गॅलरीत लागतात. लांबून बघितलं तर ती नकाशासारखी दिसतात: गल्ल्या, वळणं, मधेच सुटलेले मोकळे प्लॉट.