हॉप निवडताना

हॉपचं हिरवं बोंड उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. बिअरचा कडवटपणा आणि वास, दोन्ही तिच्यातच. आधी पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा ॲसिडचं प्रमाण पाहा. चेक साझ जातीत ते जेमतेम ३-४ टक्के. पिल्सनरला हाच सौम्य, गवती-मसालेदार हॉप शोभतो. अमेरिकेत १९७२मध्ये आलेल्या कॅस्केडला चकोतऱ्याचा वास. पेल एल करायची तर डोळे झाकून घ्यावा. सिट्रा ११-१३ टक्क्यांचा. तो तासभर उकळणं म्हणजे पैसे वाफेवर सोडणं, कारण सुगंधी तेलं उडून जातात. शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच टाकावा. आणि पाकीट उघडताच जुन्या चीजसारखा दर्प आला, तर जात कितीही भारी असो, फेकून द्या.