शिकारी पक्षी
आकड्यासारखी अणकुचीदार चोच, बळकट पाय, वक्र नख्या व तीक्ष्ण दृष्टी असलेल्या मांसाहारी पक्ष्यांना ही संज्ञा देतात. घार, गरुड, शिक्रा, ससाणा, गिधाड इ. दिनचर पक्ष्यांचाच विचार येथे केला आहे. पूर्वी या सर्वांचा समावेश फॅल्कॉनिफॉर्मीस या एकाच गणात करीत. २००८ मधील जननिक संशोधनात ससाण्यांचे निकटचे नाते पोपटांशी असल्याचे दिसून आल्यावर घारी, गरुड व गिधाडे यांचा ॲक्सिपिट्रिफॉर्मीस हा गण वेगळा मानण्यात येऊ लागला.

या पक्ष्यांना रंगावरून ओळखणे बहुधा फसवे ठरते, कारण वयाप्रमाणे पिसारा बदलतो. ब्राह्मणी घारीचे डोके व छाती पांढरी आणि उरलेले अंग विटकरी असते; परंतु तिचे पिल्लू तपकिरी असल्यामुळे साध्या घारीसारखेच दिसते. अशा वेळी शेपटी पहावी : ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर, तर साध्या घारीची दुभागलेली असते. मात्र साध्या घारीने शेपटी पूर्ण पसरली, की तिची खाच जवळजवळ दिसेनाशी होते.

पंखांची ठेवण पक्ष्याच्या जीवनक्रमाशी निगडित असते. उघड्या आकाशात वेगाने पाठलाग करणाऱ्या ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात, तर झाडीतून वळणे घेत झडप घालणाऱ्या शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब असते. कापशी घार व खरुची हे दोन्ही पक्षी माळरानावर हवेत एकाच जागी पंख फडफडवीत भक्ष्य शोधतात. पण कापशी राखी-पांढरी व खरुची विटकरी असते. पावशाचा पिसारा शिक्र्यासारखा असल्यामुळे जाणकारही क्षणभर फसतो. त्याची चोच मात्र आकड्यासारखी नसते. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते. शिकारीसाठी पक्षी पाळणाऱ्यांनी तर बाज हे नाव मादीला आणि जुर्रा हे नराला दिले होते.

गिधाडे सहसा शिकार करीत नाहीत. जड शरीरामुळे ती ऊन तापून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह सुरू झाल्यावरच उंच घिरट्या घालतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड झाडावर घरटे बांधते. लांब चोचीचे गिधाड मुख्यत्वे कड्यांच्या कपारीत घरटे करते. हिमालयाच्या पायथ्याकडील बारीक चोचीचे गिधाड त्याच जातीतील समजले जाई. २००१ मध्ये ती वेगळी जाती असल्याचे दाखवून देण्यात आले. हा भेद केवळ पुस्तकी नव्हता, कारण दोन्ही जाती त्याच सुमारास झपाट्याने नष्ट होत होत्या आणि प्रत्येकीचे संवर्धन स्वतंत्रपणे करणे आवश्यक होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करते व अंतर्गत अवयवांवर यूरिक अम्ल साचते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना निर्धोक ठरला आहे. तथापि माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्यामुळे २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलि.पर्यंत मर्यादित करावा लागला. कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली.