जुना लॅपटॉप : भाग सातवा – मोठी चिप झोपली पाहिजे

मागच्या भागात आपण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकलं. त्यानंतर लॅपटॉप झटपट सुरू होतो, पण काही मशिन्समध्ये लगेच दुसरंच दुखणं वर येतं. काही काम नसतानाही पंखा घोंघावतो, बॅटरी दीड-दोन तासांत उतरते, आणि ज्या ग्राफिक कार्डासाठी चार पैसे जास्त मोजले ते कामाला लागलेलं कुठे दिसत नाही. तुमच्या लॅपटॉपवर इंटेलच्या स्टिकरशेजारी एनव्हिडिया किंवा एएमडी रेडिऑनचंही स्टिकर असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी.

२०१३ साली विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सेकंड हँड लॅपटॉप बघायचा आणि रात्रीपर्यंत घरी परतायचं, हे आपल्या भागातल्या मुलांना जमू लागलं. ‘ग्राफिक कार्डवाला’ लॅपटॉप शोधणाऱ्यांत उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत नोकरी मिळावी म्हणून ऑटोकॅड शिकणारे असतात, आणि वारली आकृत्या कॉम्प्युटरवर हलवून ॲनिमेशन करू पाहणारेही. दोघांनाही कार्ड हवं असतं, पण दिवसाचे काही तासच. उरलेला वेळ टायपिंग, पीडीएफ आणि व्हिडिओ. तेवढ्याला प्रोसेसरमधली इंटेलची छोटी चिप भरपूर झाली.

म्हणूनच लॅपटॉपमध्ये दोन चिपा आल्या. सुरुवातीच्या काळात त्यांच्यात बदल हाताने करावा लागे. सोनीच्या २००६ च्या व्हायो एसझेड मालिकेत त्यासाठी चक्क सरकवायचं बटण होतं आणि बदल लागू व्हायला मशीन पुन्हा सुरू करावं लागे. ॲपलच्या २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये लॉग आउट करावं लागे. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं आणि चित्र बदललं. आज सेकंड हँड बाजारात मिळणारे दोन चिपांचे लॅपटॉप बहुतेक याच पद्धतीचे असतात. त्याची आतली रचना समजून घेतली की निम्म्या अडचणींचं कारण आपोआप कळतं.

ऑप्टिमसच्या लॅपटॉपमध्ये पडद्याची वायर फक्त इंटेलच्या चिपला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते, ते मुख्य रॅममध्ये नेऊन ठेवते आणि तिथून इंटेलची चिप ते पडद्यावर दाखवते. मुंबईहून हायवेने डहाणूला येणारी गाडी कितीही मोठी असली तरी चारोटी नाक्यावर वळते, तसंच हे. मोठ्या चिपेला पडद्यापर्यंत स्वतःचा रस्ताच नाही.

आता नवं विंडोज टाकल्यावर काय होतं ते पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतो. उत्साहाने आपण आधी एनव्हिडियाचा ड्रायव्हर उतरवतो. तो बसायला नकार देतो, किंवा बसतो आणि कंट्रोल पॅनेल उघडत नाही. रस्ताच तयार नसेल तर तो तरी काय करणार? म्हणून क्रम पाळा. आधी मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर, मग इंटेल ग्राफिक्सचा, मशीन रिस्टार्ट, आणि शेवटी एनव्हिडियाचा. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचा नंबर टाकून घ्या. एएमडी रेडिऑनच्या २०११-१२ च्या लॅपटॉपांना तर हे फारच लागू आहे. त्यांचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपन्या आपापल्या मशीनप्रमाणे बदलून देत, आणि एएमडीचा सर्वसाधारण ड्रायव्हर अनेकदा त्या मशीनवर बसायलाच तयार नसे. त्यातल्या काही मशिन्समध्ये बायोसमध्ये ‘फिक्स्ड’ आणि ‘डायनॅमिक’ असे दोन पर्याय असतात, तेही एकदा पाहून घ्या.

ड्रायव्हर बसले की एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’ उघडा. तिथे सगळ्यांसाठी एकदम ‘हाय परफॉर्मन्स’ निवडण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण मग ब्राउझर उघडला तरी मोठी चिप जागी होते. सर्वांसाठी इंटेल ठेवा आणि ‘प्रोग्रॅम सेटिंग्ज’मध्ये जाऊन फक्त ऑटोकॅड, ब्लेंडर अशा नावांना एनव्हिडिया द्या. विंडोज १० मध्ये २०१८ नंतर हीच निवड डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्येही मिळते. कंट्रोल पॅनेलच्या ‘डेस्कटॉप’ मेनूतून घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह दाखवता येतं. मोठी चिप चालू असेल तर ते रंगीत असतं, झोपली की करडं होतं. हे चिन्ह जरूर चालू करा. आपण पीडीएफ वाचत असताना ते रंगीत दिसलं, तर कुठला प्रोग्रॅम चिपेला जागं ठेवतोय हे त्यावर क्लिक केल्यावर कळतं.

माझा एवढा आग्रह का, ते हिशेबाने सांगतो. समजा बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे आणि हलक्या कामाला लॅपटॉप १२ वॉट खातो. चार तास मिळाले. मोठी चिप रिकामीच, पण जागी राहिली आणि तिने आणखी ८ वॉट घेतले, तर उरतात दोन तास चोवीस मिनिटं. जुनी बॅटरी आधीच थकलेली, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच येतील. पावसाळ्यात आतल्या पाड्यांवर लाईट गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हे दीड तास फार मोठे असतात.

इथेच एक चुकीचा सल्ला सर्रास मिळतो, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एनव्हिडिया ‘डिसेबल’ करा, बॅटरी वाचेल. बहुतेक ऑप्टिमस लॅपटॉपवर याने उलटंच होतं. चिपेची वीज तोडण्याचं काम तिचा ड्रायव्हरच करतो. तोच बंद केला तर चिप निरुपयोगी होते, पण वीज पीत राहते. तिला झोपवायचं असेल तर तिचा ड्रायव्हर चालू हवा. बायोसमध्येच ती बंद करण्याची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या चिपेची खरी गरज कुठे पडते, त्याचं एक उदाहरण. २०११ च्या अनेक लॅपटॉपांत इंटेल एचडी ३००० आणि एनव्हिडिया जीटी ५४०एम अशी जोडी असे. ॲनिमेशनसाठी वापरलं जाणारं फुकट सॉफ्टवेअर ब्लेंडर २०१९ च्या २.८० आवृत्तीपासून ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीची ३.३ आवृत्ती मागतं. विंडोजवर एचडी ३००० फक्त ३.१ पर्यंत जाते. म्हणजे छोट्या चिपेवर ब्लेंडर उघडणारच नाही, आणि मोठीकडे वळवलं की उघडेल. २०२३ च्या ४.० आवृत्तीने ही अट ४.३ वर नेली. याउलट, वारली चित्र नुसतं रेषांनी रेखायचं तर इंकस्केपला मोठी चिप लागत नाही. वनहक्क दाव्याचा साधा नकाशा क्यूजीआयएसमध्ये काढायलाही नाही.

५४०एमच्या पिढीसाठी विंडोजवरचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. तोच शोधा, नवा मिळणार नाही. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही मशिन्स विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून आता लिनक्सकडे वळणं शहाणपणाचं आहे असं मी ठामपणे म्हणेन.

लिनक्सवर ऑप्टिमसचा इतिहास मात्र कष्टाचा. २०१० मध्ये डेव्ह एअरली यांनी चिपांची अदलाबदल करणारा पहिला कोड लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आणला. एनव्हिडियाने ऑप्टिमसला हात दिला नाही म्हणून २०११ मध्ये मार्टिन यूल यांनी बंबलबी हा प्रकल्प सुरू केला, आणि कित्येकांचे लॅपटॉप त्याने चालते केले. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने ऑप्टिमस लॅपटॉपची हीच तक्रार मांडली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियाला शिवी हासडली. कंपनीने स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये नीट सोय दिली ती २०१९ मध्ये, पण तोवर ५४०एमसारख्या चिपा त्या ड्रायव्हरच्या बाहेर गेल्या होत्या.

त्यांच्यासाठी लिनक्स मिंटमध्ये आपोआप येणारा नूवो हा मुक्त ड्रायव्हरच ठेवा. त्यावर मोठी चिप संथ चालते, पण काम नसलं की कर्नल तिची वीज स्वतःच तोडतो. एचडी ३००० ही लिनक्सवर ओपनजीएल ३.३ पर्यंत जाते, त्यामुळे ब्लेंडरच्या मधल्या आवृत्त्या छोट्या चिपेवरच उघडतात. ८४०एम, ९४०एम अशा थोड्या नव्या चिपा असतील तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घ्या आणि ‘ऑन डिमांड’ निवडा. मग प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून तेवढाच मोठ्या चिपेवर चालवता येतो. लांबच्या वीज-खंडासाठी मात्र ‘पॉवर सेव्हिंग’ हा पर्याय बरा, कारण या चिपांची वीज ‘ऑन डिमांड’मध्ये पूर्ण तुटत नाही.

विकत घेताना दोन गोष्टी बघाच. दोन चिपांच्या लॅपटॉपला बऱ्याचदा ९० वॉटचा चार्जर असतो, आणि जुन्या बाजारात त्याला ६५ वॉटचा जोडून देतात. मग मोठी चिप कामाला लागली की मशीन मंदावतं, किंवा चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरते. चार्जरवरचा आकडा वाचा. दुसरं, काही मॉडेलांत एचडीएमआयचा पोर्ट थेट मोठ्या चिपेला जोडलेला असतो. दुकानातच टीव्ही किंवा मॉनिटर जोडून पाहा. चित्र आलं नाही तर ती चिप मेलेली असू शकते, आणि मग ग्राफिक कार्डाचे पैसे देऊ नका.