सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या कामात एखाद्या गोष्टीचा प्रकार ठरला की ती कशी वागेल, हे बरंचसं कळतं. जमिनीचंही तसंच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इस्रो यांनी मिळून देशाच्या भूरूपांचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा केला आहे. तो 'भुवन' संकेतस्थळावर आहे. पठार, टेकडी, पूरमैदान असे प्रकार त्यात आखले आहेत.

आमच्या गोव्यातल्या शेतकऱ्यांनी हे वर्गीकरण पूर्वीच केलं होतं. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर मरड, सखल भागात खेर आणि खाडीकाठी बांध घालून राखलेलं खाजन. नाव घेतलं की माती, पाणी आणि पीक समजतं. खाजनात खारं पाणी सोसणारं 'कोरगुट' भात लावतात. सड्यात मुरलेलं पावसाचं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळतं. म्हणूनच भूजलतज्ज्ञ विहिरीची जागा सांगण्याआधी भूरूप पाहतो.

सड्यावर फार काही पिकत नाही, म्हणून त्याला 'पडीक' म्हणून टाकतात. मग तिथे काँक्रीट पडतं, पाणी मुरायचं थांबतं आणि खालच्या वाड्यावरच्या विहिरींना त्याची झळ बसते. यंदा सुट्टीत आजी-आजोबांना गावच्या जमिनींची नावं विचारा आणि 'भुवन'वर ती कुठे येतात ते शोधा.